गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपचं नेटवर्क: काय घेतलं, काय टाळलं आणि का

"नेट लई स्लो झालंय. भारीतला राउटर सांगा, आजच मागवतो." कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या मालकांचं म्हणणं एवढंच होतं. मोबाईलवर त्यांनी एक सहा अँटेनांचा काळा डबा काढून ठेवला होता आणि मनात खर्चाचा आकडा साठ-सत्तर हजारांचा होता. काम संपलं तेव्हा खर्च लाखाच्या जवळ गेला आणि त्यात तो डबा नव्हताच. पैसा गेला वायरीत, जमिनीखालच्या फायबरमध्ये आणि बॅटरीत. हा हिशेब असा का फिरला, ते सविस्तर लिहितो. एमआयडीसीतल्या बऱ्याच ऑफिसांची अवस्था थोड्याफार फरकानं अशीच असते.

जागेची मांडणी आधी सांगतो. फौंड्रीकडून कास्टिंग येतात, इथे मशीनिंग होतं, माल पुण्याकडे किंवा हायवेनं खाली कर्नाटकात जातो. पुढे दोन मजली ऑफिस, मागे शेड, गेटपाशी वजनकाटा आणि त्याची केबिन. ऑफिसात नऊ कॉम्प्युटर, दोन प्रिंटर, हजेरीचं बोटाचं मशीन. कॅमेरे सहा: चार ऑफिस आणि शेडला, दोन गेटला. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा अकाउंट्समधल्या एका साध्या कॉम्प्युटरवर आणि बाकीचे चारजण तिथूनच तो उघडतात. ड्रॉइंग विभागाच्या फायलीही त्याच मशीनवर.

फायबर कंपनीनं दिलेला डबा रिसेप्शनच्या मागे खिळ्याला टांगलेला. त्याच्यापुढे रेंज वाढवायला म्हणून कोणीतरी जोडलेला जुना वायफाय राउटर. स्टोअरच्या कपाटावर आठ पोर्टांचा स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणारा डबा, आणि त्यावर बोटभर धूळ. गेटकडे जाणारी वायर शेडच्या पत्र्याला टायनं बांधत नेलेली. अंतर जास्त म्हणून मध्येच एका खांबाला प्लास्टिकच्या डब्यात अजून एक छोटा स्विच.

अडतं कुठं?

हार्डवेअर निवडताना मी आधी स्पीड विचारत नाही. कुठली गोष्ट बंद पडली की कोणाचं काम अडतं, हे विचारतो. मालकांचं उत्तर होतं, "नेट गेलं की सगळंच." अकाउंट्सच्या मॅडमचं उत्तर जास्त उपयोगाचं निघालं. "गाडी गेटवर उभी राहते ओ. ड्रायव्हर येऊन डोक्यावर बसतो."

राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वरचा असेल तर ई-वे बिलाशिवाय, म्हणजे माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून काढायच्या कागदाशिवाय, गाडी बाहेर काढता येत नाही. शिवाय ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागू आहे आणि हे मशीन शॉप त्यात बसतं. पोर्टलवरून आयआरएन नंबर आल्याशिवाय त्यांचं बिल बिल म्हणून धरलं जात नाही. म्हणजे इथे इंटरनेट ही चैन राहिलेली नाही, ते डिस्पॅचचं एक मशीनच आहे. लाईन गेली की मॅडम स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून बिल काढत होत्या. हीच त्यांची बॅकअप लाईन, आणि मॅडम रजेवर असल्या की तीही रजेवर.

दुसरं अडायचं ते टॅली. तिसरं, रात्रीचे कॅमेरे. व्हिडिओ कॉल तुटतो, पाहुण्यांना वायफाय मिळत नाही, वरच्या मजल्यावर रेंज कमी आहे या तक्रारी खऱ्या होत्या, पण त्यांनी एकही गाडी थांबत नव्हती. मालकांच्या यादीत मात्र याच पहिल्या होत्या. साहजिक आहे, त्यांची केबिन वरच्या मजल्यावर.

रात्री बंद पडणारे कॅमेरे

शेडच्या टोकाचे दोन कॅमेरे दिवसा उत्तम चालायचे आणि अंधार पडला की दर थोड्या वेळानं बंद होऊन परत चालू व्हायचे. कॅमेरेवाल्यानं एक कॅमेरा बदलून दिला होता. नवाही तसाच वागला. आता रेकॉर्डर बदला म्हणून कोटेशन आलेलं होतं.

रात्री कॅमेऱ्यात एकच गोष्ट बदलते, इन्फ्रारेड दिवे लागतात आणि वीज जास्त ओढली जाते. ही वीज नेटवर्कच्या वायरीतूनच जाते, त्यालाच पीओई म्हणतात. वायर खराब असेल तर दिवसाचा भार कसाबसा निघतो, रात्री टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो.

जोडाजवळचा तुकडा कापून आतल्या एका तारेवर ब्लेड फिरवलं. वरून तांबूस, आतून पांढरी. म्हणजे अॅल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा मुलामा. बाजारात ही सीसीए म्हणून ओळखली जाते. बॉक्सवर कॅट-६ छापलेलं असतं, बॉक्स उचलला की हलका लागतो आणि भाव ऐकला की गिऱ्हाईक खूश. अॅल्युमिनियमचा विजेला विरोध तांब्यापेक्षा बराच जास्त, शिवाय ते वाकवलं की चटकन तुटतं. इथर्नेटच्या, म्हणजे वायरीवरच्या नेटवर्कच्या, कॅट-५ई, कॅट-६ या वर्गवाऱ्या निखळ तांब्यासाठीच आहेत, त्यामुळे सीसीएवर कॅट-६ छापलं तरी त्याला अर्थ नाही. मालकांना तो तुकडा हातात दिला. रेकॉर्डरचं कोटेशन त्यांनी तिथेच बाजूला ठेवलं. कास्टिंगच्या धंद्यातल्या माणसाला धातू समजावून सांगावा लागत नाही.

मग बाकीच्या वायरीही तपासल्या. स्टोअरमधल्या दोन कॉम्प्युटरना एकाच वायरीतून लाईन दिलेली निघाली: चार जोड्यांपैकी दोन जोड्या एकाला, दोन दुसऱ्याला. १०० एमबीपीएसच्या जमान्यातली ही जुनी युक्ती. त्या वेगाला दोनच जोड्या लागतात, त्यामुळे ती चालून जायची. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. अशा वायरीवर कितीही भारी स्विच लावा, लिंक १०० वरच अडकणार. विंडोजमध्ये इथर्नेटच्या स्टेटसमध्ये हा आकडा दिसतो आणि नऊपैकी चार कॉम्प्युटरवर तो १०० होता. फरक कागदावरचा नाही: १०० वर सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी सरकतात, गिगाबिटवर शंभराच्या वर. दोन जीबीचं ड्रॉइंगचं फोल्डर एकीकडे तीन मिनिटं घेतं, दुसरीकडे वीसेक सेकंद, अर्थात पलीकडे एसएसडी असेल तर. "नेट स्लो" या तक्रारीतला मोठा वाटा हाच होता. इंटरनेटचा त्यात संबंधच नव्हता.

म्हणून पहिली खरेदी निखळ तांब्याच्या कॅट-६ची, ३०५ मीटरचा बॉक्स. कॅट-६ए घ्यावी का, असं मालकांनी विचारलं. कॅट-६ वर १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत जातं आणि या ऑफिसातली एकही वायर तेवढी लांब नाही. कॅट-६ए जाड, वाकवायला अवघड, केसिंग पट्टीत मावत नाही. नको.

गेटची वायर आणि वळीव

एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस झाला की गेटचं काहीतरी जळणार, हे इथे ठरून गेलं होतं. कधी वजनकाट्याच्या कॉम्प्युटरचा नेटवर्क पोर्ट, कधी खांबावरचा स्विच. एकदा वीज ऑफिसातल्या स्विचपर्यंत पोचली आणि चार पोर्ट गेले. वीज थेट पडायची गरज नसते. आसपास कडाडली तरी पत्र्याला लागून गेलेल्या लांब तांब्याच्या तारेत व्होल्टेज चढतं. त्यात गेटची केबिन आणि ऑफिस, दोन्हींची अर्थिंग वेगळी. दोन अर्थिंगमध्ये फरक पडला की नेटवर्कची वायर त्यांना जोडणारी वाट होऊन बसते.

अंतराचाही प्रश्न होता. तांब्याच्या इथर्नेटची मर्यादा १०० मीटर. गेट डोळ्यांना जवळ दिसतं, पण भिंतीच्या कडेनं वायर मोजली तर १३० मीटरच्या आसपास भरली. म्हणूनच तो खांबावरचा स्विच आला होता.

इथे फायबरशिवाय दुसरा पर्याय मी सुचवलाच नाही. फायबर म्हणजे काचेचा धागा. काचेतून वीज जात नाही, आणि १३० मीटर फायबरला काहीच नाही. सिंगल मोड (लांब पल्ल्याच्या) प्रकारची, सहा कोअरची, म्हणजे आत सहा धागे असलेली केबल घेतली. वापरात दोनच कोअर येतात, पण चर खणायचा खर्च एकदाच होतो आणि जास्तीच्या कोअरना किरकोळ पैसे पडतात. उंदीर-घुशींचा त्रास असल्यानं पोलादी पट्टीची आर्मर्ड केबल एचडीपीई पाईपमधून टाकली. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. आर्मर म्हणजे धातूच, तोही वीज नेतो. म्हणून ऑफिसच्या टोकाला तो नीट अर्थ करायचा आणि केबिनच्या टोकाला आतल्या बॉक्सपासून तोडून वेगळा ठेवायचा. नाहीतर फायबर टाकूनही विजेला वाट मोकळीच.

जोडणीसाठी मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची वायर यांना जोडणारे छोटे डबे, स्वस्त पडले असते. पण प्रत्येक कन्व्हर्टरला वेगळा अॅडॅप्टर लागतो आणि असले अॅडॅप्टर उन्हाळ्यात तापून जातात हा इथला नेहमीचा अनुभव. त्यापेक्षा दोन्ही टोकांना एसएफपीची, म्हणजे फायबर जोडायच्या छोट्या मॉड्यूलची, खाच असलेले स्विच घेतले. केबिनमध्ये छोटा पीओई स्विच बसला आणि त्यावर दोन कॅमेरे आणि काट्याचा कॉम्प्युटर. खांबावरचा डबा काढून टाकला.

स्विच: एक की दोन

ऑफिसात मोजून वीसेक पोर्ट लागत होते. चोवीस पोर्टांचा, सगळ्या पोर्टांवर पीओई असलेला एकच स्विच घेता आला असता. किंमत बरीच जास्त, पंख्याचा आवाज मॅडमच्या डोक्याशी, आणि पीओईचा भाग जळला तर टॅलीसकट सगळं बंद. त्यापेक्षा साधा गिगाबिटचा चोवीस पोर्टांचा स्मार्ट स्विच कॉम्प्युटरसाठी आणि वेगळा आठ पोर्टांचा पीओई स्विच कॅमेरे आणि वायफायसाठी, असं विभागलं.

पीओई स्विच घेताना पोर्टमागचा आकडा बघून फसायला होतं. एका पोर्टवर ३० वॅट देतो असं लिहिलेलं असतं, आठ पोर्ट म्हणजे २४० वॅट असं वाटतं, पण आतला पुरवठा सगळे मिळून साठ-पासष्ट वॅटचाच असतो. इथे चार कॅमेरे रात्री सात-सात वॅट धरले आणि वायफाय देणारे दोन डबे, म्हणजे अॅक्सेस पॉइंट, तेरा-तेरा, तर ५४ वॅट होतात. साठवाला स्विच जुळला असता, पण काठावर. शंभराच्या पुढचं बजेट असलेला घेतला.

स्मार्ट स्विच कशाला, साधा का नको, हा मालकांचा रास्त प्रश्न. दोन कारणं. एक, लूप. कोणीतरी टेबल आवरताना लोंबती वायर दिसली म्हणून स्विचच्या रिकाम्या पोर्टात खोचतो, तिचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं, आणि अख्खं ऑफिस ठप्प होतं. स्मार्ट स्विच असा पोर्ट ओळखून बंद करतो. दुसरं, व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं. शेडमधल्या एका मशीनशी जोडलेल्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ आहे. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला, पण मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, त्यामुळे ती काढता येत नाही. तिला, कॅमेऱ्यांना आणि पाहुण्यांच्या वायफायला टॅलीपासून वेगळं ठेवायचं असेल तर व्हीलॅन हवंच. साध्या स्विचमध्ये ते जमत नाही.

राउटर आणि दुसरी लाईन

सहा अँटेनांच्या डब्याबद्दल सांगायला हवं. डब्यावरचा मोठा आकडा म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे कागदावरचे वेग एकत्र केलेली बेरीज. एसी१२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. या वर्गातल्या कित्येक राउटरचे मागचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, म्हणजे २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला तरी वायरीत निम्माच येणार. मालकांनी निवडलेला यापेक्षा वरचा होता हे खरं. पण एकाच डब्यातून राउटर, स्विच, वायफाय तिन्ही कामं घेतली की वायफाय जिथे हवा तिथे राउटर ठेवता येत नाही आणि राउटर जिथे हवा तिथून वायफाय पोचत नाही.

म्हणून अँटेना नसलेला छोटा राउटर घेतला, दोन वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची लाईन घेणारे पोर्ट, असलेला. पहिल्यावर फायबर, दुसऱ्यावर सिमचा ४जी राउटर. दुसरी फायबर लाईन घ्यायला मालक तयार होते. पण ती त्याच खांबांवरून, त्याच रस्त्याच्या कडेनं येते, आणि जेसीबीवाला खणताना कंपनी बघून तोडत नाही. बॅकअपची वाट वेगळी असली पाहिजे. सिमही फायबर कंपनीचं नको म्हणून दुसऱ्या कंपनीचं. सिमचा राउटर बाकीच्या डब्यांबरोबर भिंतीवरच्या रॅकमध्ये न ठेवता वरच्या मजल्याच्या खिडकीत ठेवला, कारण पत्र्याच्या पेटीत रेंज मरते.

दोन्ही लाईनी एकदम वापरायचा मोह होतो. इथे टाळला. बँकेच्या आणि जीएसटीच्या साइटवर काम चालू असताना विनंत्या दोन वेगळ्या आयपीवरून गेल्या की साइट मध्येच लॉगआउट करते. त्यामुळे एक चालू, दुसरी राखीव. आणि लाईन जिवंत आहे की नाही हे राउटरनं बाहेरचा, म्हणजे ८.८.८.८ सारखा पत्ता पिंग करून, म्हणजे त्याला हाक मारून उत्तर येतं का बघून, ठरवायचं. नुसती वायरीची लिंक बघून चालत नाही. कंपनीकडून पुढे लाईन तुटली तरी त्यांच्या डब्याचा हिरवा दिवा मजेत चालू असतो.

प्रिंटर कधी दिसतो, कधी गायब होतो, हे कोडंही इथेच सुटलं. कंपनीचा डबा आणि रेंज वाढवायला लावलेला जुना राउटर, दोघंही कॉम्प्युटर-प्रिंटरना नेटवर्कचे पत्ते वाटत होते. एकाचे १९२.१६८.१ चे, दुसऱ्याचे १९२.१६८.० चे. ज्याला जो पत्ता मिळेल त्याला तेवढंच दिसायचं. आता पत्ते एकच राउटर वाटतो, कंपनीचा डबा ब्रिज मोडवर आहे, म्हणजे नुसती लाईन पुढे देतो, आणि जुना राउटर भंगारात.

वायफायचं थोडक्यात. दोन वायफाय ६ चे अॅक्सेस पॉइंट, एक वरच्या मजल्यावर, एक खाली. वायफाय ७ साठी जास्त पैसे घालण्यासारखं या ऑफिसात काही नाही. टॅलीचा एकही कॉम्प्युटर वायफायवर नाही, यावर मॅडम आणि माझं एकमत होतं. एन्ट्री चालू असताना लाईन क्षणभर तुटली तरी डेटा खराब होण्याची जोखीम असते आणि मग टॅलीत रीराइट, म्हणजे डेटाची दुरुस्ती, करत बसावं लागतं.

फायरवॉल म्हणून दरवर्षी लायसन्स लागणारं एक महागडं यंत्रही कोटेशनमध्ये आलेलं होतं, दुसऱ्या कोणाकडून. ते परवडेल, पण दुसऱ्या वर्षी लायसन्स भरायला कोणी लक्षात ठेवणार नाही हे मालकांनीच कबूल केलं. त्याऐवजी एक पथ्य ठरवलं: घरून काम करायला रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट थेट इंटरनेटवर उघडायचा नाही, व्हीपीएनमधूनच, म्हणजे कुलूपबंद खासगी वाटेनंच, यायचं. छोट्या ऑफिसांत रॅन्समवेअर, म्हणजे डेटा अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, शिरतो तो बऱ्याचदा त्याच उघड्या दारातून.

वीज

महावितरणची वीज गेली की ऑफिसला इन्व्हर्टर होता, पण नेटवर्कचे डबे त्यावर नव्हते. कॉम्प्युटर चालू, नेट बंद. सगळे स्विच, राउटर, कॅमेरे मिळून भार ८०-९० वॅटचा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते, ती एवढ्या भारावर अर्धा तास दिला तर दिला. तोच भार १५० एएचच्या इन्व्हर्टरवर टाकला तर कित्येक तास निघतात. म्हणून रॅकची लाईन इन्व्हर्टरवर घेतली आणि मध्ये एक यूपीएस ठेवला, कारण वीज गेल्यावर इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला लागणाऱ्या क्षणात राउटर रीस्टार्ट होऊ नये. मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला. आकडा जास्त आला. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला. तो दुरुस्त करायचं काम इलेक्ट्रिशियनचं, पण ते होईपर्यंत नवे स्विच लावले नाहीत.

रॅक भिंतीवर छातीच्या उंचीला. हेच ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत असतं तर तळमजल्यावर रॅक लावलाच नसता. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्यानं पाहिलंय त्याला हे सांगायला नको. गोकुळ शिरगावला ती भीती नाही.

सगळं काम सोमवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, उरकलं. सगळ्या वायरी जिथे येऊन संपतात त्या पॅच पॅनेलवर नंबर घातले, तेच नंबर भिंतीवरच्या सॉकेटवर. पासवर्डचा कागद पाकिटात घालून मालकांच्या तिजोरीत. सिमच्या रिचार्जची तारीख मॅडमनी जीएसटीच्या तारखांशेजारी कॅलेंडरवर लिहिली, कारण राखीव सिम वापरात नसतं आणि ऐन वेळी व्हॅलिडिटी संपलेली निघते. मग फायबरची वायर उपटून बघितली. काही सेकंद गेले, सिमवर नेट आलं, मॅडमनी ई-वे बिलाचं पोर्टल उघडून खात्री केली.

मालकांचा एक प्रश्न शेवटी उरला. मागच्या मोकळ्या जागेत दुसरी शेड उभी करायची आहे, तेव्हा परत एवढा खर्च का? गेटच्या केबिनमध्ये फायबरच्या चार कोअर रिकाम्या आहेत आणि नवी शेड केबिनच्या बाजूलाच येतेय. तिथपर्यंतचा चर, एक छोटा स्विच आणि दोन एसएफपी, एवढंच लागेल. चर खणताना बांधकामवाल्याला पाईप आधीच टाकायला सांगा, असं मी म्हणालो. त्यांनी ते तिथेच त्याला फोन करून सांगितलं.